व्हर्लिनने निवडलेलं मचाण

व्हर्लिन स्टोडोलाने एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत वेल्डिंग केलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हरणांच्या शिकारीला शिडीचं मचाण लागतं, म्हणजे झाडाला टेकवून बांधलेली शिडी आणि तिच्या टोकाला बैठक, आणि व्हर्लिनचा एकही हंगाम चुकला नव्हता. पण गेल्या नोव्हेंबरात त्याचा मेहुणा मचाणावरून पडला. जगला, पण काठी धरून. त्यावर लोर्नाने, व्हर्लिनच्या बायकोने, एकदाच सांगितलं, की यंदा धड मचाण मिळालं तर चढायचं, नाहीतर घरी बसायचं. तो वाद घालत बसला नाही. अडुसष्टाव्या वर्षी त्याचे गुडघेही तिच्याच बाजूचे झाले होते.

शेजारचा ड्वेन म्हणाला, माझं जास्तीचं मचाण घे, नऊ वर्षं मेपलच्या झाडाला उभं आहे. व्हर्लिन बघायला गेला. मचाण झाडाला बांधणारा पट्टा कधी सोडलाच नव्हता. खोड वाढून तो सालीत रुतला होता. दिसायला घट्ट. व्हर्लिनने नख लावलं, तर धागे वाळल्या गवतासारखे तुटले. तिसऱ्या पायरीचं वेल्डिंग म्हणजे कबुतराने घाण करून ठेवावी तसे नुसते ठिपके.

"यावर बसतोस तू?"

"दरवर्षी. तुला मचाण नकोय, आरामखुर्ची हवीय."

"तीही हवीय रे बाबा. पण यावर मी नाही चढणार."

ड्वेन फुगून निघून गेला.

दुकानात व्हर्लिनने दोन दुपारी घालवल्या. बूट मावेल अशी रुंद पायरी, सगळीकडून वेल्डिंग भरलेले जोड, बसल्यावर भोवती कठडा, शिडीच्या मध्यातून खोडाला टेकणारा दांडा. असं एकच सापडलं, ते त्याने घेतलं. मात्र सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, उभं करायला तीन माणसं लागतील. आजवरची सगळी मचाणं त्याने एकट्याने उभी केली होती. हे चार दिवस गवतात पडून राहिलं. तोही खिडकीत बसून राहिला. पाचव्या दिवशी त्याने ड्वेनला फोन केला.

ड्वेन आला, शिडीच्या पायथ्याशी बूट रोवून उभा राहिला. लोर्नाने दोर ओढला. शिडी खोडाला टेकली तेव्हा दोघांनी ती धरून ठेवली. व्हर्लिन दर पायरीला थांबत चढला, अंगात घातलेला सुरक्षेचा पट्टा झाडाला अडकवत गेला आणि वर पोचल्यावर मचाण खोडाला आवळलं. मग बसला. श्वास बराच वेळ जागेवर येईना.

"हलतंय का?" ड्वेनने खालून विचारलं.

"मीच हलतोय. हे नाही."

ड्वेनने मान खाली घातली. "माझं उद्या उतरवायचं म्हणतो. येशील?"

"येतो. आधी मला खाली उतरू दे."

पण तो लगेच उतरला नाही, आणि त्या दोघांनी शिडी सोडली नाही.