आधी तिकीट, मग पोहणं

हॅम्बर्गच्या आमच्या तरणतलावावर दर मंगळवारी सकाळी सत्तरीच्या एक जर्मन बाई भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. त्या पोहायला शिकत होत्या, म्हणजे काठाची दांडी धरून नुसते पाय मारायच्या. इथली माणसं सुट्टी वर्षभर आधी ठरवतात, हे मला ठाऊक होतं. पण या बाईंनी कॅरिबियनमधल्या एका बेटाचं तिकीट काढलं आणि मग शिकवणी लावली. मी असले उद्योग करत नाही. आधी जमतंय का बघते, मग पैसे भरते.

"किनाऱ्यावर बसूनही समुद्र दिसतो की," मी एकदा म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण नुसता बघायला पोस्टकार्ड पुरतं," त्या म्हणाल्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी अखेर दांडी सोडली आणि लगेच गटांगळी खाल्ली. शिक्षकाने हात पुढे केला. खोकत खोकत त्यांनी तो बाजूला सारला. "तिथे तुम्ही येणार आहात का?"

मग पुन्हा दांडी सोडली. वेडेवाकडे हात मारत, पाणी पीत, त्या तलावाची रुंदी पार करून पलीकडच्या काठाला माझ्याजवळ पोचल्या. मी शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात धापा टाकत त्यांनीच विचारलं, "तिथल्या लाटा केवढ्या असतात हो?"