मामाची शिट्टी आणि बारकीचे पाय

बारकी आणि तिचा मामा यांची पहिली भेट झाली तेव्हा ती जेमतेम जन्मलेली होती आणि तो सामना अर्धवट टाकून आला होता. अंगात पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, गळ्यात शिट्टी. दुपट्यातल्या भाचीने एक पाय झाडला आणि मामाने सवयीने जोरात शिट्टी मारली. त्या शिट्टीने वॉर्डातली यच्चयावत बाळं एका सुरात रडायला लागली. महिनाभर कूस न बदललेला एक म्हातारा उठून चालत घरी गेला. फाटकावरच्या रखवालदाराने डॉक्टरांसकट सगळ्यांच्या गाड्या अडवल्या, आणि शेजारच्या खोलीत भूल दिलेले एक गृहस्थ शुद्धीवर येऊन "फाउल कुणाचा?" असं विचारते झाले.

"पाय हलवला!" मामा आनंदाने ओरडला.

"अरे मेल्या, बाळ आहे ते!" बारकीची आई म्हणाली.

मामाचं बुटांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचं ते पोटासाठी, आणि संध्याकाळी मैदानात पुन्हा लोकांचेच पाय न्याहाळायचे ते हौसेखातर. बास्केटबॉलमध्ये चेंडू न आपटता पावलं टाकत सुटलं की त्याला ट्रॅव्हलिंग म्हणतात. असं कुणी केलं की पंचाने शिट्टी मारायची, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या, आणि चेंडू समोरच्या संघाला द्यायचा. मामा या मुठी इतक्या मन लावून फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, आता यातून एक स्वेटर तयार होणार.

फक्त कुणासाठी फिरवायच्या, हे त्याचं ठरलेलं होतं. नवख्या पोरींनी नुसती चप्पल सरकवल्यासारखा पाय हलवला तरी मुठी फिरल्या. पण जिराफ या नावाने ओळखली जाणारी, गॅलरीची लाडकी अशी एक ताडमाड मुलगी होती, ती चेंडू काखोटीला मारून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला निघाल्यासारखी जायची, आणि मामा तोंडात शिट्टी धरून तिच्याकडे सूर्यास्त बघावा तसा बघत राहायचा. बारकी मोठी होऊन खेळायला लागली आणि मामाच्या मुठींना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तिने चेंडू हातात घ्यायचा अवकाश, की शिट्टी.

शहराच्या संघाची निवड तोंडावर आली तेव्हा जेवताना बारकीचा बांध फुटला. जिराफची जागा आधीच पक्की होती; संघात एकच जागा उरली होती आणि बारकीला ती हवी होती. निवडीच्या सामन्याला पंच होता मामा.

"मामा, मलाच का रे धरतोस?"

"अगं, तू माझी सख्खी भाची. तुला सोडलं तर लोक काय म्हणतील?"

"आणि जिराफला सोडतोस ते?"

"तिला धरलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणजे नियम लोकांनी लिहिलाय का?" बारकीच्या आईने वाढता वाढता विचारलं.

"ताई, तुला खेळातलं कळत नाही," मामा म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं.

त्या रात्री बारकीने एक नामी युक्ती काढली. पायच हलवायचे नाहीत! पाय हलले नाहीत तर मामा फिरवणार काय, डोंबल? दुसऱ्या दिवसापासून ती गॅरेजच्या भिंतीसमोर खांबासारखी उभी राहून चेंडू फेकायला लागली. शेजारीण काळजीने विचारून गेली, "पोरीच्या पायाला काही झालंय का हो?"

सामन्याच्या दिवशी निवड समिती खुर्च्यांवर बसली. बारकीने चेंडू घेतला, जागच्या जागी पाय रोवून उभी राहिली आणि फेकला. बास्केट. पुन्हा घेतला, पुन्हा तसाच फेकला. पुन्हा बास्केट. मामाची शिट्टी ओठांपर्यंत जायची आणि रिकामी परत यायची. बारकीला मनातून गुदगुल्या होत होत्या. समितीतल्या एका बाईंनी शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसून तिच्याकडे बोट केलं, तेही तिने बघितलं.

पण गॅलरीतल्या लोकांनीही एक गोष्ट बघितली. आज मामा भाचीला धरत नव्हता.

"ओ मामा! शिट्टीत पाणी गेलं काय?"

"कसली वाजतेय! घरचा मामला आहे!"

"भाचीसाठी संघ विकत घ्या की सरळ!"

मामाचा चेहरा पडला. सगळं आयुष्य निःपक्षपातीपणात घालवलेला माणूस तो. कपाळावर घाम आला, मुठी आपोआप वळल्या. सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. बारकीकडे चेंडू आला. ती पाय रोवून उभी राहिली, हात वर नेले आणि शिट्टी वाजली. मुठी फिरायला लागल्या. थांबेचनात.

"मामा! पाय हलला नाही माझा!"

"हलणार होता."

"हलणार होता?"

"तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाद घालू नकोस, बाहेर काढीन."

गॅलरीत टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात पंच!" कुणीतरी ओरडलं. चेंडू जिराफच्या हातात गेला. ती तो घेऊन बाजारातून भोपळा घरी न्यावा तशी निवांत चालत गेली आणि बास्केटमध्ये ठेवून आली. मामाने मान डोलावली. सामना संपला.

समितीने बाकावर बसलेल्या बारकीला बोलावून घेतलं. "हात चांगला आहे तुझा," त्या कोपरवाल्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "पण ट्रॅव्हलिंगची खोड घालव हं. सख्ख्या मामालासुद्धा पाठीशी घालता आलं नाही बघ!"

उरलेली जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. शहराचा संघ पहिल्याच फेरीत हरला. बारकी आता टेबल टेनिस खेळते; तिथे पाय कितीही हलवले तरी चालतात.