मिस्त्रींचा थेंब

आमच्या बोरी गावच्या मिस्त्रींना इंजिन किती तापलंय हे बघायला काहीच लागत नसे. करंगळी जिभेला लावायची, इंजिनाच्या डोक्यावर थेंब टेकवायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं, बस्स. थेंब चुरचुरत तीन मोजेपर्यंत टिकला तर ठीक. टेकताच उडाला, की म्हणत, "कावलंय हे. घटकाभर बसू द्या त्याला." पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं या थेंबाच्या भरवशावर चालायची.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत मी परभणीला कॉलेजात होतो. मस्कतच्या आतेभावानं मला रिमोटची मोटार आणून दिली. हातभर लांब, पण आत खरंखुरं इंजिन. परभणीच्या एका डॉक्टरांच्या मुलाकडंही तशीच होती. दसरा झाल्यावर शर्यत लावायची ठरली आणि सुट्टीला गावी येऊन मी थेट मिस्त्रींकडं गेलो. मोटार तळहातावर घेऊन ते म्हणाले, "लय गुणाचं लेकरू हाय. पर तापट हाय बापू, तुमच्यावानी!"

पंधरा दिवस ते रोज बौद्धवाड्यातून आमच्या अंगणात येत. इंधनाचा स्क्रू फिरवायचा, थेंब लावायचा, पुन्हा फिरवायचा. चहा अंगणातच, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. तो कप काढून देणारा मीच, आणि कॉलेजात नामांतराच्या बाजूनं भाषणं ठोकणाराही मीच!

खंडेनवमीला हत्यारांबरोबर मोटारही पूजेला मांडायची होती. वडील म्हणाले, "त्याची थुंकी लागलेली वस्तू देवापुढं? आधी शुद्ध कर." मी लगेच गोमूत्र घेऊन मोटार धुतली, अगदी इंजिनाच्या फटीफटीतून.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होईना. मिस्त्रींनी ते उघडलं, नाकाशी नेलं आणि थांबले.

"पाणी गेलं वाटतं आत," मी घाईघाईनं म्हणालो.

"गेलं असंल," ते म्हणाले. एकेक भाग रॉकेलनं धुऊन, पुसून त्यांनी इंजिन सुरू करून दिलं. मग सवयीनं करंगळी तोंडाशी गेली. ती त्यांनी तशीच सदऱ्याला पुसली.

वडिलांनी इंजिनाची उष्णता मोजायचं मीटर आणायला सांगितलं. परभणीत ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात दोन मीटरं होती, एक काचेच्या नळीतलं पाऱ्याचं आणि एक गोल, काट्याचं. "काटा सावकाश चढतो, बघा बुवा," दुकानदार बजावत होता. मी काट्याचंच घेतलं, कारण ते रुबाबदार दिसत होतं. अचूकपणा कुणाला हवा होता? मला त्या माणसाची थुंकी टाळायची होती. मिस्त्रींना मात्र सांगितलं, "थेंबाचं काय, तो अंदाज. हे शास्त्रीय."

"घ्या की," मिस्त्री म्हणाले. "मीटरला तोंड नसतंय."

शर्यत परभणीच्या एका मैदानावर झाली. दहा फेऱ्या होत्या. पाचव्या फेरीनंतर इंधन भरायला थांबलो तेव्हा मी पुढं होतो. मीटरची तार इंजिनाला टेकवली, काटा मध्यावरच होता. तेवढ्यात गर्दीतून मिस्त्री धावत आले.

"बापू, आवाज फिरलाय. काटा मागं ऱ्हायला, इंजिन लय तापलंय. लावू का थेंब?"

करंगळी वर धरून त्यांनी विचारलं. परवानगी मागितली! गावातल्या कुठल्याही इंजिनाला हात लावताना त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या शेजारी वडील उभे होते. मी म्हणालो, "नको."

सातव्या फेरीत इंजिन जाम झालं. हरल्याचं दुःख चार दिवसांत विरलं. त्या "नको"ची लाज मात्र अजून जात नाही.

मिस्त्री नंतरही आमच्या विहिरीवर येत राहिले. पण आमच्या इंजिनावर त्यांनी पुन्हा थेंब लावला नाही. लिंबाची डहाळी पाण्यात बुडवून पाणी शिंपडत. मी ते बघायचो आणि दुसरीकडं तोंड फिरवायचो.

ते थकल्याचं कळलं तेव्हा मी नोकरीत होतो. माफी मागायचीच, असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते बाजेवर पडून होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "बापू, मीटर चालतंय का अजून?"

मीटर मी शर्यतीच्या दिवशीच फेकून दिलं होतं. "चालतंय," मी म्हणालो.

"मग झालं." ते हसले आणि आत वळून बायकोला म्हणाले, "बापूला च्या टाक. अन् माझ्याच कपात दे."

तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. माफीचा शब्द मात्र तोंडातून फुटला नाही.