साहेबाच्या गादीवरचं पाणी

जैनाबादच्या घाटावर सरकारी नावेची डागडुजी करणारा तो आमच्याशी खानदेशीत बोलायचा आणि साहेब दिसला की हिंदीत. नवं राज्य झालं, भोपाळकडचा साहेब आला आणि नावेवर लाकडी खोली चढली. तिच्यात पुढं साहेबाची गादी, मागं आमचा बाक. पहिल्याच पावसात खोली गळायला लागली. त्यानं आतून फळ्यांना कोरडी राख फासली, वरून घागरी ओतल्या आणि राख जिथं काळी पडली तिथं राळेत भिजवलेला कापूस ठासत गेला. कामचुकार नव्हता, हेच मनाला जास्त लागतं. राळ संपली तेव्हा मात्र छताला पन्हळ ठोकून गादीवरचं पाणी त्यानं आमच्या बाकाकडे वळवलं.

"पानी कुठी तरी तं जाईनच ना, भाऊ."

भर पावसात तापानं फणफणलेल्या आईला मी त्याच नावेतून नदीपलीकडे बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेत होतो. बाकावर तिच्या अंगावर धार लागली होती. साहेब नव्हता, गादी कोरडी होती. गळती बघायला तो मात्र नावेतच होता. तिला तिथं निजवायला उचललं, तर त्यानं हात आडवा घातला.

"नको भाऊ. भिजेल हाये ती. गादी ओली व्हईन."