भवानीचं गिऱ्हाईक

व्हिएतनामला कशाला गेलात, असं मला रत्नागिरीला, आमच्या मिरकरवाड्यात अजून विचारतात. मजा करायला, म्हटलं की कुणाचा विश्वास बसत नाही. बाईमाणूस, त्यात नवरा गेलेली, त्यात मासे विकणारी. ती मजा करायला एवढी लांब कशाला जाईल? म्हणून हल्ली मी खरं ते सांगून टाकते. माझी जागा राखायला गेले होते.

जागा म्हणजे बाजारातली बसायची जागा. पाठीला खांब आहे, डोक्यावर पत्रा आहे आणि येणारं गिऱ्हाईक पहिलं माझ्याच पुढ्यात येतं. आधी तिथे सासू बसायची, तिच्या मागे मी बसले. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि उजाडता उजाडता तिथे पाटी मांडायची. त्याच जागेवर बसून मुलगा शिकवला, तो मुंबईत नोकरीला लागला, आणि त्याच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तशी नेमकी तीच जागा त्याला खुपायला लागली.

"आई, आता पुरे कर," तो म्हणाला. "मुलीकडचे लोक येणार. तू बाजारात पाटी घेऊन बसलेली बरी दिसतेस का?"

"का रे, ते मासे खात नाहीत?"

मग त्याने दुसरा सूर लावला. तुझं वय झालं, तुला एकटीला झेपत नाही, रत्नागिरीच्या बाहेर कधी पडलीस, बाहेरचं जग तुला काय माहीत. मला एवढा राग आला की हातातली कोयती मी खाली ठेवून दिली.

हे सगळं ऐकत माझी नणंद चहा पीत बसली होती. वन्सं लांज्याला असतात. काजूच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, बोटं काळी पडली ती पडलीच. त्यांचाही नवरा नाही. रिकाम्या वेळात पाठीला पिशवी लावून देशोदेशी हिंडणाऱ्या पोरींचे व्हिडिओ फोनवर बघायचे, हे त्यांचं एकच व्यसन. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मग बघून येऊ की जग. मी नि वहिनी."

तो हसला. ते हसणं मी विसरणार नाही. म्हणाला, "चार दिवसांत फोन येईल, आम्हाला घेऊन जा म्हणून."

मी म्हटलं, "नाही आला तर? महिनाभर हिंडून परत आले आणि मदतीला एकदाही हाक मारली नाही, तर माझ्या जागेचं नाव काढायचं नाही. हाक मारली, तर त्या दिवसापासून मी घरी बसेन." तो बरं म्हणाला. वन्सं साक्षीला होत्याच.

देश वन्संनी त्यांच्या व्हिडिओंतून निवडला, व्हिएतनाम; पैसे दोघींनी साठवलेले. निघायच्या दिवशी जागेवर पाटी उपडी घातली आणि तिच्यावर दगड ठेवला. आमच्या बाजारात पाटी उपडी असली म्हणजे बाई येणार आहे असं समजतात आणि तिथे कुणी बसत नाही. शेजारणीला सांगितलं, लक्ष ठेव गो.

पिशवीत दोन लुगडी, आमचा मसाला आणि तिरफळं. साडीवर बूट घालून मी हिंडले आणि कोण काय म्हणेल म्हणून कधी मागे वळून बघितलं नाही. झोपायच्या बसमधून गेलो, आगगाडीतून गेलो, भाषा येत नव्हती तर बोटांनी बोललो. भातशेती आपल्यासारखीच, माड आपल्यासारखेच, मग एवढ्या लांब येऊन बघितलं काय, असं वन्सं रोज म्हणायच्या. आणि दुसऱ्या गावाला निघायची वेळ झाली की पिशवी पहिली त्यांच्याच पाठीवर. आयुष्यभर डोक्यावरून ओझी वाहिली, त्यापुढे हे काय जड.

गडबड झाली ती समुद्राकाठच्या एका गावात. उतरलो होतो त्या घरात चूल वापरायला मिळाली, म्हणून मी ठरवलं की आज तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करायचं. उजाडताच बाजारात गेलो. बायका नुकत्या बसत होत्या. एकीपुढे बांगडे होते, चकचकीत, अजून कुणी हात न लावलेले. मी खाली बसले. कल्ले उघडून पाहिले, पोट दाबून पाहिलं, हे घे ते ठेव केलं. तिने फोनवर भाव दाखवला, मी त्याच्या निम्मा दाखवला. ती थोडी उतरली. मी नाक मुरडून उठले. म्हटलं, दोन पावलं गेले की हाक मारेल. गिऱ्हाईकं माझ्याशी असंच करतात.

हाक आली नाही. मागे धुराचा वास आला. वळून बघते तर बाईने वर्तमानपत्राचा तुकडा पेटवलेला, आणि तो ती बांगड्यांवरून, पाटावरून, स्वतःच्या पायांवरून ओवाळत होती. ओवाळून झाल्यावर जळता कागद आमच्या दिशेने झटकला आणि काहीतरी बोलली. चांगलं नक्कीच नव्हतं. आजूबाजूच्या बायकाही बोलायला लागल्या.

वन्संची पाचावर धारण बसली. मला ओढत घरी आणलं आणि फोन हातात घेतला. "करणी केली तिने. पोलीस बोलावतील. मी पोराला लावते, तो सांगेल काय करायचं ते."

"लावा," मी म्हटलं. "लावा आणि माझी जागा घालवा."

"जागेचं काय घेऊन बसलीस, इथे जीव जायची पाळी आलीय."

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. थोरल्या नणंदेच्या हातातून वस्तू हिसकावायची आमच्यात पद्धत नाही, पण घेतला. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलं की मी काय करते? मिठाची चिमूट पाटीवरून उतरवते आणि त्याच्या पाठीमागे फेकते. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, बिघडली की दिवस बिघडला. त्या बाईची भवानी मी बिघडवली होती. करणी नाही नि काही नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटता फिटता मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला बघून तिने काडेपेटीच शोधायला घेतली. मी खाली बसले, बांगड्यांकडे बोट दाखवलं आणि तिने दाखवला तो भाव मुकाट्याने दिला. एक कल्लासुद्धा उघडला नाही. कसं राहवलं माझं मला माहीत. मग मागचं बुटकं प्लास्टिकचं स्टूल ओढून तिने आपल्या शेजारी ठेवलं. मी बसले. तिची कोयती उचलून मी माझा एक बांगडा साफ केला, ती कशी धरते ते तिने बघितलं आणि पुढची मासळी साफ करायला माझ्याकडे सरकवली. आम्ही त्या गावात मुक्काम वाढवला, आणि निघेपर्यंत सकाळी मी तिच्या शेजारीच बसत होते. परमुलखात मला बसायला जागा मिळाली आणि माझ्या गावात माझा मुलगा ती सोडायला सांगतो, हे मनात येऊन जीव जळत होता.

महिना पुरा करून परतलो. मदतीसाठी एकही फोन केला नाही. स्टेशनवरून रिक्षा सरळ बाजारात नेली, वन्संनाही लांज्याला जाऊ दिलं नाही.

माझ्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. दगड नव्हता, पाटी नव्हती.

शेजारीण खाली बघत म्हणाली, "तुझा लेक येऊन पाटी घेऊन गेला गो. आई आता बसणार नाही म्हणाला. मी काय बोलणार?"

त्या नव्या बाईशी मी भांडले नाही. तिचा काय दोष. पाठीवरची पिशवी काढली, बरोबर तिच्यासमोर, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली आणि तिच्यावर बसले. शेजारणीकडून थोडे बांगडे मागून घेतले आणि कागदावर मांडले. बाजार थांबून बघत होता. बघू दे म्हटलं.

कुणीतरी मुलाला फोन केला असणार. आम्ही येणार म्हणून तो मुंबईहून घरी आलेलाच होता, धावत आला. "आई, घरी चल. सगळे बघतायत. घरी बोलू."

"मी शब्द पाळला," मी म्हटलं. "तू काय केलंस ते मला दिसतंय. आता माझी भवानी व्हायची आहे आणि पुढ्यात पहिला तू उभा आहेस. घ्यायचे असतील तर घे, नाहीतर बाजूला हो."

"आत्या, तू तरी सांग हिला."

वन्संनी पिशवीतून काडेपेटी काढली आणि वर्तमानपत्राचा तुकडा फाडून हातात धरला. कशाला ते त्याला कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. त्याने पाकीट काढलं आणि मी सांगितला तो भाव दिला.

मी नोट कपाळाला लावली, कमरेला खोचली आणि त्याला म्हटलं, "आता जा आणि माझी पाटी घेऊन ये."