उजवीकडची गाडी

“तो कुठून आला मला कळलंच नाही,” आर्नो म्हणाला. हेल्मेट अजून त्याच्या हातातच होतं. गाडीचा उजवा दरवाजा आत गेला होता, पुढचं चाक वाकडं झालं होतं. त्या सीझनमधली ही त्याची तिसरी टक्कर. तिन्ही वेळा तो हेच बोलला होता.

आर्नो जर्मन. वय त्रेचाळीस. वीस वर्षं टूरिंग कार रेसिंगमध्ये काढलेला माणूस. टूरिंग कार दिसायला तुमच्या-माझ्या गाडीसारखीच असते, आतून मात्र पूर्ण बदललेली. या रेसमध्ये गाड्या एकमेकींना अक्षरशः खेटून पळतात. शेजारच्याला जेमतेम जागा ठेवून वळण घेणं हेच इथलं कसब, आणि त्यात आर्नोचा हात धरणारे फार थोडे होते. जर्मनीत नाव कमावून तो आमच्या इंग्लिश टीममध्ये आला होता.

मी त्या टीमची डेटा इंजिनिअर. आधी पुण्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये होते, मग इकडे आले. गाडीतले सेन्सर ब्रेक, स्टिअरिंग, वेग सगळं सेकंदाला कित्येकदा नोंदवत असतात. ते वाचायचं आणि ड्रायव्हरचा वेळ कुठे वाया जातोय ते त्याला सांगायचं, हे माझं काम.

टीमचा बॉस ग्रॅहम. ट्रॅकशेजारच्या आमच्या ट्रकमध्ये मी डेटा बघत बसले होते, तिथे तो आला.

“स्वाती, स्ट्यूअर्ड्सना रिपोर्ट हवाय. चूक समोरच्याची होती, एवढं डेटामधून दाखव.”

स्ट्यूअर्ड्स म्हणजे रेसचे पंच. पहिल्या दोन टकरींनंतर मी असेच रिपोर्ट दिले होते आणि दोन्ही वेळा समोरच्या ड्रायव्हरला पेनल्टी बसली होती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. जेवढं विचारलं तेवढंच बघितलं होतं.

या वेळी तिन्ही टकरींचा डेटा एकत्र उघडला. तिन्ही उजव्या बाजूला. मग गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि स्टिअरिंगचा आलेख जोडून बघितला. शेजारी गाडी आल्याचं दिसलं की ड्रायव्हरचे हात किंचित हलतात. आलेखात बारीकसा दात उमटतो. आर्नोच्या डावीकडे गाडी आली की तो दात दर वेळी होता. उजवीकडे गाडी कितीही वेळ चिकटून असली तरी रेघ सरळ. मागच्या वर्षीचा डेटा काढला. तेव्हा दात दोन्हीकडे होता.

ट्रॅकवर एकटा असताना त्याचे लॅप टाइम, म्हणजे एकेका फेरीचे वेळ, पूर्वीइतकेच चोख होते. म्हणून कोणाला शंका आली नव्हती.

लेस्टरला घरी पोचल्यावर नितीनला विचारलं. नितीन माझा नवरा, हॉस्पिटलमध्ये फिजिशियन आहे.

“बाजूचं दिसत नसेल तर माणसाला कळणार नाही?”

“बऱ्याचदा नाही कळत. समोरचं स्वच्छ दिसत असतं ना. न दिसणारी जागा मेंदू भरून काढतो.” मग म्हणाला, “तू निदान करत बसू नकोस हं. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव. लवकर.”

गुरुवारी आर्नो वर्कशॉपला आला. रविवारी पुढची रेस होती. तो लॅपटॉपवर व्हिडिओ बघत बसला होता. मी त्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले आणि कागद पुढे धरला. हातभर अंतर. त्याने मान वळवली नाही. “आर्नो,” म्हटल्यावर केवढा दचकला.

मी दार लावून घेतलं आणि आलेख त्याच्यापुढे ठेवले. आधी ग्रॅहमकडे जायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण डोळा आर्नोचा होता.

त्याने उजवीकडच्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं.

“माझ्या मुलीची सायकल घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये उभी होती,” तो म्हणाला. “वसंतातली गोष्ट. मी गाडी घातली त्या सायकलवर. सायकल उजवीकडे होती. मी मुलीवरच ओरडलो. इथे का ठेवलीस म्हणून.”

मी आलेखांचे कागद गोळा केले.

“हा रविवार होऊ दे, स्वाती. आता मला माहीत आहे. मी मान वळवून बघेन.”

“मान वळवशील तेव्हा समोर कोण बघणार?”

“मला दुसरं काही येत नाही.”

“शेजारच्या गाडीतही कुणीतरी असतं, आर्नो. ग्रॅहमला तू सांग. चारपर्यंत. नाहीतर मला सांगावं लागेल.”



तो साडेतीनलाच वर ग्रॅहमच्या ऑफिसात गेला. थोड्या वेळाने ग्रॅहम खाली आला, थेट माझ्याकडे.

“आधी माझ्याकडे यायला हवं होतंस.”

“कदाचित.”

“मी त्याला तरीही रविवारी उतरवलं असतं, असं वाटलं तुला?”

खरं सांगायचं तर वाटलं होतं. मी लॅपटॉप मिटला. तो समोरच्या स्टुलावर बसला.

“मलाही खात्री नाही,” तो म्हणाला.

शुक्रवारी आर्नोच्या डोळ्यांची तपासणी झाली. उजव्या डोळ्यामागची नस हळूहळू निकामी होत आली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची होती. आर्नोने रेसिंगचं लायसन्स स्वतःहून परत केलं. वर्षाच्या मेडिकलमध्ये तो पास झाला होता. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्याने वाचली होती; बाजूचं दिसतं का, ते कोणी तपासलंच नव्हतं.

रविवारी तो साध्या कपड्यांत ट्रॅकवर आला आणि टक्कर झालेल्या तिन्ही ड्रायव्हर्सच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याने माफी मागितली. दोघांनी हात मिळवला. तिसरा पाठ फिरवून आत निघून गेला. मी स्ट्यूअर्ड्सकडे जाऊन माझे दोन्ही रिपोर्ट मागे घेतले. कारणही लिहून दिलं. ते लिहायला मला सकाळभर लागलं.

आता आमच्याकडे सीझनच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरच्या बाजूच्या नजरेची तपासणी होते. मशीनवर हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, कडेला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. थोडा वेळ लागतो, बस.

गाडीचा एकेक बोल्ट आम्ही प्रत्येक रेसनंतर तपासत होतो. चालवणाऱ्याला मात्र “ठीक आहेस ना?” एवढंच विचारत होतो. तो “हो” म्हणायचा. आणि खोटं बोलत नव्हता.