माल्ट्याला जाऊन आलेला

माझा मामा भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर नोकरीला होता. त्यानं मला जुलैत पंधरा दिवस बोलावलं. तिथं तेव्हा लख्ख ऊन असतं म्हणून मी काळा चष्मासुद्धा घेतला. वडिलांनी आमच्या पोशीर गावभर सांगून टाकलं. लोकांनी हार घातले, नारळ दिले. पासपोर्ट तेवढा आला नाही. स्वतःचं हसं होऊ नये म्हणून वडिलांनी मला गुपचूप खालापूरला आपल्या बहिणीकडे धाडलं. तिथं मी पंधरा दिवस भाताची लावणी केली. पायांना चिखल्या घेऊन परतलो, तर वडील ओटीवर चारचौघांना माल्ट्याचं ऊन वर्णन करून सांगत होते.

महिन्याभरानं पासपोर्ट आला. मी पुन्हा जायचं काढलं, तसे वडील खेकसले, "आता कशाला रं? गावाच्या लेखी तू जाऊन आलायस!"